पोरगी म्हणते १४ मिलिग्रॅम, ड्रम म्हणते ५० ग्रॅमनंही भागत नाही

संत्रावाला, वरुड तालुका

नमस्कार मंडळी. प्रश्न केमिस्ट्रीचा आहे पण भांडण घरातलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आमची साडेतीनशे झाडं संत्र्याची, आंबिया बहार. नवती (कोवळी पालवी) फुटली आन तिच्यावर सायला (रस शोषणारी कीड) दिसू लागला. फवारा घ्यायचा आहे. पाणी बोअरचं. मागच्या महिन्यात तपासून आणलं होतं, रिपोर्टवर लिहिलं आहे: पीएच ८.२, कार्बोनेट निरंक, बायकार्बोनेट ६.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. कृषी केंद्रवाला म्हणाला, एवढ्या पीएचच्या पाण्यात काही औषधं ड्रममध्येच फुटून जातात, पानावर जाईपर्यंत निम्मा दम निघून जाते, पाणी ६ वर आणा. आणि लगेच एक बाटली काउंटरवर ठेवली. बाटलीचा भाव ऐकून म्या म्हटलं, राहू द्या, किराण्यात लिंबूसत (सायट्रिक ॲसिड) भेटते.

आता किती टाकायचं? माही पोरगी बारावी सायन्सले आहे, सीईटीचा अभ्यास चालू आहे. तिले म्हटलं, बाई, तुह्या शिक्षणाचा काही उपयोग होऊ दे. तिनं वहीच्या मागच्या पानावर असं मांडलं:

पीएच ६ म्हणजे एका लिटरात हायड्रोजन आयन दहाचा उणे सहावा घात मोल. पीएच ८.२ ले ते इतके कमी की धरलेच नाही तरी चालते. ड्रम २०० लिटरचा, म्हणजे एकूण पाहिजेत ०.०००२ मोल. सायट्रिक ॲसिडच्या एका रेणूतून तीन हायड्रोजन सुटतात, म्हणून भागिले ३. रेणूभार २१० (आपलं किराण्यातलं, एका पाण्यासहितचं). उत्तर ०.०१४ ग्रॅम. चौदा मिलिग्रॅम!

म्हटलं, बाई, हे तर चिमटीतही येणार नाही. दोनशे लिटरचा ड्रम एवढ्यानं बदलते का? ती म्हणे, बाबा, लॉग आहे तो, तुम्हाला नाही कळणार. मायं बी बारावी सायन्स आहे राजेहो, १९९८ ची. लॉग टेबल अजून माळ्यावर आहे.

मंग ड्रमपाशी गेलो. पिवळा पेनसारखा मीटर आहे माह्याकडे. किराणा दुकानाच्या पुडीतून आधी चिमूटभर टाकलं, काडीनं ढवळलं. मीटर ८.२. अजून चिमूट. ८.१. मंग चिडून वजनकाटा आणला. २५ ग्रॅम झालं तेव्हा ६.८ दाखवलं. म्हटलं, आता झालंच. आणखी २५ टाकलं, तर ६.४ वरच अडकलं! पहिल्या २५ ले १.४ नं उतरलं, दुसऱ्या २५ ले फक्त ०.४ नं. पुडी संपली.

म्हणजे पोरीच्या उत्तराच्या साडेतीन हजार पट टाकलं, तरी ६ नाही आलं. आता ती म्हणते तुमचा मीटर खराब, मी म्हणतो तुही वही खराब. कोण चुकलं? आन दुसऱ्या २५ ग्रॅमले काऊन एवढं कमी उतरलं?

---

काउंटरवरचा

दादा, एवढं डोकं नका लावू. १०० ग्रॅम टाका, ५ वर आणा, फवारा. आम्ही सगळ्यायले हेच सांगतो. आणि मीटर चायना असेल तर ८.२ काय अन् ६.२ काय, सारखंच.

---

एमएच-२७ वाला

ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकायचं ॲसिड वापरा. झाकणभर टाकलं की मीटर सरळ खाली येते. स्वस्तात काम.

---

दर्यापूरकर

आमच्याकडे खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट, पण मीटर ७.६ च दाखवते. मी समजत होतो खारट म्हणजे पीएच जास्त. तसं नसते का?

आणि संत्रावाले भाऊ, शेततळं असेल तर ते पाणी मिसळा न निम्मं. तळ्याचं ७.० आणि बोअरचं ८.२, सरासरी ७.६ येईल. तेवढंच लिंबूसत वाचते.

---

निवृत्त मास्तर, मोर्शी

बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात हेच शिकवलं, पण इतका चांगला प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. त्याचं कारण म्हणजे वर्गात ड्रम नसतो.

आधी बॅटरीचं ॲसिड. एमएच-२७ भाऊ, ते सल्फ्युरिक आहे. ड्रमच्या कडेला उभं राहून झाकणानं ओतताना एक शिंतोडा डोळ्यात गेला की संत्रं बघायला डोळा राहणार नाही. शिवाय तुम्ही म्हणता तसं ते 'सरळ खाली येते' हीच तर अडचण: एक झाकण जास्त झालं की ६ वरून ३ वर, आणि कोवळी नवती करपलीच. विषय संपला.

आता मुलीचं गणित. तिनं लॉग बरोबर घेतला, मोल बरोबर काढले, एककं बरोबर ठेवली. मी तपासत असतो तर पाचपैकी साडेतीन दिले असते. ते उत्तर जवळपास लागू पडतं ऊर्ध्वपातित पाण्याला, ज्यात पाण्याशिवाय काहीच नाही. तुमच्या बोअरमध्ये सातपुड्याच्या पायथ्याचा अर्धा खडक विरघळलेला आहे.

भाऊ, लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. बायकार्बोनेट म्हणजे पाटावर बसलेले पाहुणे. तुम्ही लिंबूसत टाकता तेव्हा हायड्रोजन आयनांचे लाडू वाढता. पहिला लाडू पहिल्या पाहुण्यानं खाल्ला, दुसरा दुसऱ्यानं. खाल्लं की त्या बायकार्बोनेटचा होतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. (ड्रमच्या आतल्या कडेला बारीक बुडबुडे धरले असतील, पुढच्या वेळी पाहा.) आणि तुमचा पिवळा मीटर पाहुण्यांच्या पोटातलं मोजत नाही. तो परातीत किती लाडू उरले तेवढंच मोजतो. पीएच म्हणजे परातीत उरलेले लाडू, तेही लॉगमध्ये लिहिलेले.

मुलीनं परातीत किती उरायला हवेत ते अचूक काढलं. पाहुणे किती आहेत हे विचारलंच नाही. ते तुमच्या रिपोर्टवर लिहिलेलं आहे: लिटरमागे ६ मिलिमोल (बायकार्बोनेटवर एकच भार, म्हणून मिलिइक्विव्हॅलंट म्हणजेच मिलिमोल). पीएच ६ ला परातीत उरायचे ते ०.००१ मिलिमोल. हा हिशोब कसा जुळणार?

आता वही घ्या, दोघं मिळून करा.

बायकार्बोनेट आणि त्यापासून झालेला कार्बन डायऑक्साइड यांच्यासाठी सूत्र असं: पीएच = ६.३५ + लॉग (उपाशी पाहुणे ÷ जेवलेले पाहुणे). ६.३५ हा कार्बोनिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी हायड्रोजन सोडलेला असतो तो आकडा), २५ अंश सेल्सिअसला. उपाशी आणि जेवलेले सारखे झाले की भागाकार १, लॉग शून्य, पीएच ६.३५. तुमचा मीटर कुठं अडकला होता? ६.४ ला. म्हणजे ५० ग्रॅममध्ये बरोबर निम्मी पंगत जेवली होती.

पडताळा घेऊ. ५० ग्रॅम २०० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.२५ ग्रॅम, भागिले २१०, म्हणजे १.१९ मिलिमोल सायट्रिक. मुलीनं एका रेणूमागे ३ हायड्रोजन धरले, इथं तिची दुसरी, लहानशी चूक. सायट्रिक तिन्ही हायड्रोजन एकदम सोडत नाही. त्याचे पीकेए तीन: ३.१३, ४.७६ आणि ६.४०. पीएच ६.४ ला पहिले दोन सुटलेले असतात, तिसरा निम्म्याच रेणूंनी सोडलेला असतो. म्हणून ३ च्या जागी २.५. आता १.१९ गुणिले २.५ करा: २.९८. सहाचे निम्मे ३. भाऊ, तुमचा मीटर खराब नाही, आणि ती पाण्याची लॅबही नाही. मी स्वतः हा गुणाकार केला तेव्हा खुर्चीतून उठून बायकोला सांगायला गेलो. ती म्हणाली, चहा थंड होतोय.

आता ६.० वर किती लागेल? ६.० − ६.३५ = −०.३५. माळ्यावरून लॉग टेबल काढाच. ०.४५ चा लॉग बार १ पॉइंट ६५३२, म्हणजेच −०.३५. ('बार' शब्द वाचून १९९८ आठवलं असेल.) म्हणजे उपाशी ४५ असतील तर जेवलेले १००. सहा मिलिमोलपैकी साधारण ४.१ जेवायला हवेत. पीएच ६ ला सायट्रिक एका रेणूमागे सरासरी २.२ हायड्रोजन देतं. ४.१ भागिले २.२, गुणिले २१०: लिटरला ३९० मिलिग्रॅम. ड्रमला ७८ ग्रॅम.

चौदा मिलिग्रॅम विरुद्ध अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. साडेपाच हजार पट. परातीत एक लाडू उरावा म्हणून चार हजार शंभर पाहुणे जेवू घालावे लागतात.

दुसऱ्या २५ ग्रॅमनं मीटर फारसा का हटला नाही, तेही यातच आहे. पहिल्या २५ ग्रॅममध्ये पाव पंगत जेवली: उपाशी ३, जेवलेले १, लॉग ३ म्हणजे ०.४८, पीएच ६.८३. तुमच्या मीटरनं ६.८ दाखवलं. ८.२ ला जेवलेलं जवळपास कुणीच नव्हतं, त्यामुळे सुरुवातीचे थोडे जेवले तरी भागाकार धाडकन पडतो आणि पीएच झपाट्यानं उतरतो. निम्म्याजवळ आलं की भागाकार रेंगाळतो, पीएचही रेंगाळतो. पीकेएच्या आसपासच बफर (पीएच सहज हलू न देणारी ही उपाशी-जेवलेल्यांची जोडी) सगळ्यात चिवट असतो. पुस्तकात याचा वक्र काढलेला असतो, पोरं तो पाठ करतात.

मीटरसोबत ६.८६ ची पावडरची पुडी आली असेल, जुळवणीसाठी. ती विरघळवून त्यात लिंबाचे दोन थेंब पिळा. मीटर जवळपास हलणार नाही. मग साध्या फिल्टरच्या पाण्यात तेच दोन थेंब पिळा. मुलीला हे दाखवा, बफरचा अख्खा धडा पाच मिनिटांत होईल. (ते द्रावण नंतर फेकून द्या, त्यावर मीटर जुळवू नका!)

दर्यापूरकर भाऊ, खारटपणा वेगळा. तो विरघळलेल्या क्षारांचा, त्यासाठी रिपोर्टवर ईसीचा (विद्युतवाहकतेचा) रकाना पाहायचा. मीठ कितीही घाला, हायड्रोजन आयनांच्या मोजणीत त्यानं विशेष फरक पडत नाही. आणि पीएचची सरासरी कधी काढू नका. ७ आणि ८.२ मिसळून ७.६ येईलच असं नाही, कारण ते लॉग आहेत आणि मध्ये बफर बसलेला आहे. सरासरी काढायची ती बायकार्बोनेटची. पण तुमची सूचना मात्र उत्तम. पावसाच्या पाण्यानं भरलेल्या शेततळ्यात बायकार्बोनेट कमी असतात. समजा १ निघाले, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणात साडेतीन. मग ड्रमला ७८ ऐवजी ४५ ग्रॅमच्या आसपास पुरेल.

काउंटरवरच्या भाऊंचे १०० ग्रॅम या पाण्याला फार चुकीचे नाहीत, त्यानं ५ नाही पण पावणेसहाच्या आत येईल. पण शेजारच्या गावात बायकार्बोनेट २ असले तर त्याच १०० ग्रॅममध्ये पाणी ४ च्या खाली जाईल. सगळ्यांना एकच आकडा सांगू नये.

आणि एक. बोर्डो मिश्रणाच्या ड्रममध्ये लिंबूसत चुकूनही नको. चुना तिथं मोरचूदाला धरून ठेवायलाच असतो. आम्ल झालं की तांबं मोकळं सुटतं आणि पानं जाळतं. तुम्ही विळ्याचं पातं बुडवून पाहता ना, तांबूस थर धरला तर चुना वाढवता? तो आपल्या आजोबांचा पीएच मीटर. इतर औषधांचं त्यांच्या लेबलवर वाचा, सगळ्यांनाच आम्ल मानवत नाही.

---

संत्रावाला, वरुड तालुका

गुरुजी, तुमचं लिहिलेलं घरात मोठ्यानं वाचलं. 'पाचपैकी साडेतीन' ऐकून पोरगी खूश, 'पाहुणे विचारलेच नाही' ऐकून गप्प. आई म्हणे, पंगतीत पाहुणे मोजल्याशिवाय लाडू वळते का कोणी? बारावी न शिकता तिले समजलं.

एक सांगा, दर वेळी रिपोर्ट काढत बसायचं का? उन्हाळ्यात बोअर खोल जाते तशी पाण्याची चव बदलते आमच्याकडे.

पोरीचा एक प्रश्न, तिनंच लिहायले सांगितला: हायड्रोक्लोरिक आम्लाचं दहाचा उणे आठवा घात मोलर द्रावण केलं, तर पीएच ८ येते. आम्लाचा पीएच ८ कसा? पर्यायांत ८ दिलेला आहे, पण सरायनं चूक म्हणून सांगितलं.

---

निवृत्त मास्तर, मोर्शी

रिपोर्ट दर वेळी नको. १० ग्रॅम लिंबूसत एक लिटर चांगल्या पाण्यात विरघळवा. आता एका मिलिलिटरात १० मिलिग्रॅम. बोअरचं एक लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात घ्या, मीटर धरा, जनावराच्या इंजेक्शनची नवी सिरिंज घ्या (सुई काढून), आणि दोन-दोन मिली सोडत ढवळत जा. ६.० ला किती मिली लागले? ३९ लागले तर ३९० मिलिग्रॅम प्रति लिटर. गुणिले २००. प्रयोगशाळेत ब्युरेट घेऊन पोरं करतात ते हेच टायट्रेशन, फक्त तिथं शेवटी वहीत 'निरीक्षणे' लिहितात आणि कुणाचं संत्रं वाचत नाही.

मुलीचा प्रश्न म्हणजे सीईटीवाल्यांचा लाडका सापळा. पाण्यात स्वतःचेच हायड्रोजन आयन असतात, लिटरला दहाचा उणे सातवा घात मोल. आम्लातून आलेले त्याच्या फक्त दहाव्या हिश्शाएवढे. भरल्या विहिरीत एक घागर ओतून विहिरीत एकच घागर पाणी आहे म्हणण्यासारखं झालं. नुसती बेरीज केली तर १.१ येतात, पण पाण्याचे थोडे मागे सरतात कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांचा गुणाकार २५ अंशांना दहाचा उणे चौदावा घात राहिलाच पाहिजे. वर्गसमीकरण सोडवलं की १.०५ गुणिले दहाचा उणे सातवा घात. पीएच ६.९८. सातच्या जरासा खाली, आम्लाला शोभेल असा.

तिला हेही सांगा की हा लॉगचा उपद्व्याप १९०९ साली सोरेन्सन नावाच्या डॅनिश माणसानं केला, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअरवाल्यांनी उभारलेली प्रयोगशाळा. विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना ०.००००००१ सारखे आकडे लिहून तो कंटाळला असावा, असा माझा आपला अंदाज.

---

दर्यापूरकर

मास्तर, ईसीचा रकाना पाहिला. ४.१ आहे. आता पीएच सोडा, हेच टेन्शन आलं.

---

संत्रावाला, वरुड तालुका

करून पायलं. पोरगी सिरिंज धरून, मी मीटर धरून. ३० मिलीपर्यंत हळूहळू उतरत गेलं, ४१ मिलीले ६.० लागलं. म्हणजे ड्रमले ८२ ग्रॅम. गुरुजींच्या ७८ पेक्षा ४ जास्त. पोरगी म्हणते किराण्यातलं लिंबूसत शंभर टक्के शुद्ध नसेल, मी म्हणतो मीटरचा ०.१ चा फरक असेल. पुन्हा भांडण, पण लहान.

बुडबुडे दिसले. पातेल्याच्या कडेले, सोड्यासारखे बारीक.

काल संध्याकाळी ड्रम ६.० वर आणून ठेवला आन वारा सुटला, म्हणून फवारा राहिला. औषध टाकलं नव्हतं, नशीब. आज सकाळी मीटर टाकला तर ७.१! पोरीनंच सांगितलं, बाबा, जेवलेले पाहुणे उठून घरी गेले. कार्बन डायऑक्साइड रात्रभर उडाला, भागाकार पुन्हा चढला. म्हणजे पाणी आदल्या दिवशी करून ठेवायचं नाही, मोटर सुरू करायच्या आधीच करायचं.

आता दुसरा ड्रम भरून राहिला. ८२ ग्रॅम मोजून ठेवलं आहे. वारा थांबला की निघतो.